दुसऱ्या खंडातली शर्वरी

शर्वरीकाकू गेल्यापासून मी एकही जाड कादंबरी हातात धरलेली नाही. लोकांना वाटतं, हिला वेळ नसेल. वेळ भरपूर आहे. इथे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटहून ऑफिसला जाता-येता फ्रीवेवर मी जेवढी अडकून पडते, तेवढ्यात कुठलाही ग्रंथराज ऐकून संपला असता. एक-दोनदा लावूनही पाहिला. पण कोणीतरी गंभीर आवाजात वाचायला लागतं, नायक विचारात पडतो, त्याची बायको न बोलता त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवते, आणि मला गाडीच्या मागच्या सीटवर कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं. मी बंद करते. ती काकू नसते. काकू असत्या तर मला भीती वाटली नसती.

काकूंची ओळख कॅलिफोर्नियाला येण्याआधीची, शॉमबर्गची. मी तेव्हा तिथे नोकरीला होते आणि महिन्यातून एका रविवारी लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये आमचा मराठी वाचनकट्टा भरायचा. कट्टा म्हणजे काय, तर अर्धा तास पुस्तक आणि दीड तास बटाटेवडे. बायका घरून काही ना काही करून आणायच्या आणि पुरुष साहित्यावर बोलायचे. काकू मात्र स्वतःपुरता थर्मास आणायच्या. त्यात बिनदुधाचा चहा. तो त्या कुणाला विचारायच्या नाहीत. एकदा कोणीतरी गमतीत म्हणालं, "काय काकू, आम्हाला नाही का?" तर म्हणाल्या, "मी इथे वाचक म्हणून येते. यजमान म्हणून यायचं असतं तर घरीच नसते का बसले?" त्या दिवशी वडे जरा गारच खाल्ले गेले.

दिसायला लहानखुऱ्या. अंगात नवऱ्याचा जुना करडा कार्डिगन, बाह्या दुमडलेल्या. चष्मा गळ्यात दोरीला. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत. आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट होत्या. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि काय आहे ते लिहायचं. पेशंटला भेटायचं नाही, दिलासा द्यायचा नाही. "दिलासा द्यायला वेगळी माणसं असतात," त्या म्हणायच्या, "माझं काम दिसेल ते लिहिणं." रिपोर्ट थोडा सौम्य करा, पेशंट ओळखीचा आहे, असं एका सर्जननं एकदा सुचवलं होतं. काकूंनी त्याला मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "यातली कुठली पेशी तुमच्या ओळखीची आहे ते दाखवा."

पुस्तकांचंही तेच. कट्ट्यावर त्या मत द्यायच्या नाहीत, निदान द्यायच्या. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आत्मचरित्राबद्दल म्हणाल्या, "बिनाइन आहे, निरुपद्रवी गाठ. वाढत राहतं, पण कुणाला काही करत नाही." एका फार गाजलेल्या कादंबरीबद्दल नुसतं "स्टेबल" म्हणाल्या. मी विचारलं, म्हणजे चांगली ना? "स्टेबल म्हणजे सुधारत नाही आणि मरतही नाही. नातेवाइकांचा जीव मेटाकुटीला येतो."

आमच्यातल्या एका गृहस्थांना मोठ्या कादंबऱ्यांचा भारी अभिमान. ते एकदा म्हणाले, "वहिनी, अशा कादंबरीची लयच संथ असते. ती महानदीसारखी वाहते." काकूंनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि शांतपणे म्हणाल्या, "नदी संथ असली तरी कुठेतरी जाते हो. हा माणूस अंगणातून ओटीवर यायला एक अख्खं प्रकरण घेतो. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं ना, तेव्हा वॉकर घेऊनसुद्धा मी याच्या आधी पोचले असते. आणि तो येईपर्यंत त्याची बायको काय करते? तर त्याला यायला उशीर का झाला याचा विचार करते. तिला दुसरा विचार दिलाच नाही लेखकानं."

कादंबरीतल्या बायकांसाठी त्यांची एक परीक्षा होती. त्यातल्या बाईला खोलीत एकटी सोडा, दार लावून घ्या आणि सांगा ती आत काय करते. बऱ्याच कादंबऱ्या इथेच नापास व्हायच्या. "दार लावलं की ती नाहीशीच होते," काकू म्हणायच्या. "परत कोणीतरी पुरुष दार उघडतो तेव्हा ती येते. मधल्या वेळात ती कुठे असते?" हे त्या हसत विचारायच्या, पण मला घरी जाताना ते डोक्यातून जायचं नाही.

त्यांचे यजमान म्हणजे वसंतकाका. उंच, मवाळ, पूल बांधणारे इंजिनिअर. ते कट्ट्यावर क्वचित यायचे आणि आले की एकाच कादंबरीबद्दल बोलायचे. दोन खंडांची, विटेसारखी जाड. नदीकाठच्या गावात एक तरुण शाळा काढतो, त्याची गोष्ट. काकांनी ती पुण्याला हॉस्टेलवर असताना वाचली होती. तिच्यामुळे आपण पूल बांधायला लागलो, असं ते सगळ्यांना सांगायचे. नायिकेचं नाव शर्वरी. काकूंचं नाव त्या शर्वरीवरूनच ठेवलंय, हेही सांगायचे, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की समोरचा पुढे काही बोलत नसे.

काकूंनी ती कादंबरी वाचलेली नव्हती. मला नवल वाटायचं. एवढं वाचणारी बाई, आणि स्वतःच्या नावाचं पुस्तक तेवढं सोडलेलं! विचारलं तर म्हणाल्या, "नवऱ्याला एखादी गोष्ट इतकी आवडते, हे न वाचायला पुरेसं कारण आहे." पण एकदा बर्फाचे दिवस होते, मी त्यांना ग्रोसरीला नेत होते, तेव्हा सिग्नलला गाडी थांबलेली असताना त्या आपण होऊन बोलल्या.

"लग्नात ताटात तांदूळ पसरतात ना, त्यावर अंगठीनं नाव लिहितात. यांनी लिहिलं. मला वाकून बघायचीसुद्धा परवानगी नव्हती. माझ्या मागून कोणीतरी मोठ्यानं वाचलं, शर्वरी! मी इकडे-तिकडे बघितलं की ही कोण आली. मी पुष्पा होते गं. तेवीस वर्षं पुष्पा. एमबीबीएसच्या सर्टिफिकेटवर पुष्पा. म्हणून इथे हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना मी पुष्पाच. आणि घरी, तुमच्यात, शर्वरी. मला नाव आवडलं नाही असं नाही. पण कुणाचं तरी वापरलेलं आहे असं वाटायचं. जिचं आहे ती कधीतरी मागायला येईल."

सिग्नल हिरवा झाला. त्या लगेच कोथिंबीर ताजी आली असेल का, असं काहीतरी बोलायला लागल्या.

मग काकांचे डोळे गेले. एकदम नाही, आधी मधला भाग धूसर झाला, मग माणसांचे चेहरे गेले, मग अक्षरं. त्यातच हृदयही थकत चाललं होतं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही आणि काकूंनी ती मागितली नाही. घरातच हॉस्पिसची, शेवटच्या दिवसांतल्या शुश्रूषेची सोय केली, खिडकीशी रिक्लायनर लावला. काकांनी एकच मागणी केली. "शर्वरी, एकदा ती कादंबरी वाचून दाखव ना. सगळी. मला शेवटपर्यंत ऐकायचीय."

मी त्याच सुमाराला भारतात जाणार होते. दोन्ही खंड मीच आणले. त्या विटांपायी आईनं केलेलं लोणचं आणि भाजणी मला बॅगेतून काढून ठेवावी लागली, तेव्हा त्या लेखकाला मी मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

काकांनी वाचनाचं रीतसर पारायण केलं. त्यांच्या घरी लहानपणी पोथीचं पारायण व्हायचं, तेच नियम त्यांनी लावले. रोज दुपारी एकाच वेळेला बसायचं. आधी दिवा. मधे उठायचं नाही. एकही पान गाळायचं नाही. सुरू केलं की अर्धवट सोडायचं नाही. काकू देवधर्मातल्या नव्हेत, पण त्यांनी मुकाट्यानं दिवा लावला. मी शेजारच्याच गल्लीत टाउनहाऊसमध्ये राहायचे. शनिवारी-रविवारी मीही जाऊन बसायचे. मला वाटलं होतं, काकूंची ताशेरेबाजी ऐकायला मजा येईल.

पहिल्या खंडात मजाही आली. तो नायक अपेक्षेप्रमाणे डोक्यात जाणाराच होता. नदीकडे बघायचा आणि पानं भरायची. काकू वाचता वाचता थांबायच्या. "अहो, हा अजून तिथेच उभा आहे. याला कोणीतरी खुर्ची द्या." काका हसायचे. पण शर्वरी आली की काकूंचा आवाज बदलायचा. ती पोरगी फारच छान होती. पुरात सुटलेली होडी पोहत जाऊन धरून आणणारी. शाळेच्या छपरावर चढून कौलं बसवणारी. नायकाला तोंडावर सांगणारी, की तुमची शाळा तुमच्या मोठेपणासाठी आहे, पोरांसाठी नाही. काकांना ते सगळं पाठ होतं. काकूंनी वाक्य सुरू करावं आणि काकांनी डोळे मिटून पुरं करावं, असं चालायचं. एकदा निरोप देताना काकू दारात मला हळूच म्हणाल्या, "बरी आहे गं ही. मी उगाच इतकी वर्षं हिच्याशी भांडण धरलं."

पहिला खंड शर्वरीच्या लग्नावर संपला. त्या दिवशी काकूंनी शिरा केला होता.

दुसरा खंड सुरू झाला आणि ती पोरगी दिसेनाशी झाली. म्हणजे नाव होतं. शर्वरीनं कंदील लावला. शर्वरी काही बोलली नाही. शर्वरीचे डोळे भरून आले. नायक आता मोठा माणूस झाला होता, त्याच्याकडे मंडळी यायची, बैठकी व्हायच्या, पन्नास पन्नास पानं शिक्षणावर चर्चा व्हायची, आणि शर्वरी दाराला टेकून उभी असायची. पोहायची कुठे, बोलायची कुठे, कशाचा पत्ता नाही. काकू सुरुवातीला चिडल्या. "लेखक बदलला की काय मधे?" मग त्यांनी चिडणंही सोडलं. बारीक, सरळ आवाजात वाचत राहायच्या. शर्वरीचं नाव आलं की क्षणभर थांबायच्या, जणू कोणीतरी हाक मारली.

एका रविवारी त्यांनी पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं आणि काकांना विचारलं, "मला एक सांगा. तुम्हाला यातली कुठली शर्वरी हवी होती?"

काका म्हणाले, "म्हणजे?"

"तांदळावर नाव लिहिलंत तेव्हा. होडी आणणारी, की ही?"

काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "पुढे वाच ना."

"उत्तर द्या."

"तू वाच पुढे. अजून पुष्कळ आहे."

काकूंनी वाचलं. पण तेव्हापासून त्या घरात बसणं मला जड जायला लागलं. हा प्रश्न त्यांनी किती वर्षं आत ठेवला होता कोण जाणे. आता विचारला, तर उत्तर देणाऱ्याकडे दिवस थोडे राहिलेले. काका गेले तर ते उत्तर घेऊन जाणार, ही एकच धास्ती त्यांना होती. स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "मी दाराला टेकून उभी नाही राहिले गं. मी पूर्ण वेळ नोकरी केली. पण ओट्याशी उभं राहून जेवले, पुष्कळ वर्षं. बाहेर यांची पुलांवर चर्चा चाललेली असायची. मला कधी वाईट वाटलं नाही. वाटायचं, घाई आहे म्हणून उभी आहे. आता वाचताना वाटतं, यांना तसंच आवडत होतं की काय? नावच तसं निवडलं होतं की काय?"

त्यांची मुलगी मीरा सिअ‍ॅटलला असते. एकदा तिचा फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ बुक. यू हेट इट. जस्ट स्किप टु द एंड."

काकू म्हणाल्या, "तुझं नाव मी कुठल्या पुस्तकातून नाही घेतलं. म्हणून तू असं म्हणू शकतेस."

"व्हॉट डझ दॅट ईव्हन मीन?"

"काही नाही. जेवलीस का?"

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, आणि खरं तर काकूंच्या तर नक्कीच. दुसरा खंड सुरू झाल्यापासून काका वाक्यं पुरी करत नव्हते. ते नुसते ऐकत होते. मान थोडी पुढे, हात रिक्लायनरच्या कडेला घट्ट. आम्हाला वाटलं, शक्ती उरली नाही. पेशीपेशीत बारकावे शोधणाऱ्या बाईला हे दिसलं नाही, कारण ती त्या वेळी पुस्तकात दुसरीच कुणाला तरी शोधत होती.

मग तो शनिवार. बाहेर ऊन होतं आणि बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या. नायकाच्या शाळेच्या इमारतीचं लांबलचक वर्णन चाललं होतं, किती खोल्या, किती खिडक्या. काकू एका लयीत वाचत होत्या, "शर्वरी वारली त्या वर्षी उत्तरेकडच्या भिंतीचं काम पुरं झालं आणि..."

त्या थांबल्या. मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

काका म्हणाले, "काय म्हणालीस? पुन्हा वाच."

काकूंनी पुन्हा वाचलं. शब्द न् शब्द तसाच.

"मागे काही राहिलं का? पान गळलं असेल."

काकूंनी मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. "नाही."

"आजारी होती का? कशानं गेली?"

"ते नाही लिहिलेलं."

"एवढंच?"

"एवढंच."

काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांना काही दिसत नव्हतं तरी ते खोलीभर बघत होते. मग म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"ती मरते ते. शर्वरी, मी दुसरा खंड वाचलेला नाही."

काकूंच्या मांडीवर पुस्तक उघडंच होतं. काकाच बोलत राहिले, हळू, धाप लागत. हॉस्टेलच्या लायब्ररीतून आणला होता म्हणे. थोडा वाचला. "कंटाळा आला गं. फार संथ होता. वाटलं, नंतर वाचू. मग नोकरी, मग लग्न ठरलं, मग इकडे आलो. एकदा म्हणून बसलो की वाचली, ते म्हणतच राहिलो. मला फक्त होडीवाली माहीत होती. तू मेडिकलला होतीस, बघायला आलो तेव्हा मला उलट प्रश्न विचारलास. मला वाटलं, ही तीच."

काकू हसल्या. आधी थोडं, मग इतक्या की चष्मा काढावा लागला. मला ते हसणं ऐकवेना. "म्हणजे दोघांनाही कंटाळा आला," त्या म्हणाल्या. "तुम्ही निदान सोडून तरी दिलंत. मी बसलेय वाचत." आणि हसता हसताच त्यांनी काकांचा हात धरला. इतक्या वर्षांत मी त्यांना काकांचा हात धरताना पाहिलं नव्हतं.

उत्तर मिळालं होतं. मला वाटलं, आता सुटल्या. आता पुस्तक मिटतील.

पण काका सुटले नव्हते. ते म्हणाले, "तिला परत आण."

"काय?"

"तू वाचतेस ना? मला कुठे दिसतंय काय लिहिलंय. तू वाचताना तिला आण परत. कुठूनही आण. तशी एका वाक्यात नको घालवू तिला."

"अहो, असं कसं? पुस्तकात आहे ते आहे."

"माझ्यासाठी."

काकूंनी हात सोडवून घेतला नाही. पण म्हणाल्या, "दिसेल ते मी वाचीन. मी रिपोर्ट बदलत नाही. तुम्हाला माहितेय."

काकांनी मान हलवली. त्यांना माहीत होतं. थोड्या वेळानं म्हणाले, "मग राहू दे. तिच्याशिवाय काय ऐकायचं?"

पारायण तिथेच थांबलं. काका त्याच आठवड्यात गेले, दुपारी, त्याच खुर्चीत. हॉस्पिसची नर्स म्हणाली, शांतपणे गेले. काकूंनी तिचं वाक्य दुरुस्त केलं. "शांतपणे नाही. वाट बघत गेले."

दिवसपाण्याला कट्ट्यावरचे सगळे आले. महानदीवाले गृहस्थ म्हणाले, "वहिनी, वसंतरावांची शेवटची इच्छा तेवढी पुरी झाली, कादंबरी ऐकायची." काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मी पटकन चहाचं विचारलं आणि पहिल्यांदाच काकूंनी मला ते करू दिलं.

पुढे मी कामावरून येताना त्यांच्याकडे डोकवायचे. मीरा सिअ‍ॅटलला बोलावत होती, त्या जात नव्हत्या. वाळल्या होत्या, पण बोलणं तसंच होतं. एकदा सूप गरम करता करता मी म्हटलं, "काकू, काकांची फार आठवण येत असेल."

"येते. पण हे दिसत नाहीत गं मला," त्या म्हणाल्या. "मी खुर्चीकडे बघत बसते. म्हटलं, काहीतरी भास तरी होईल, म्हाताऱ्या बायकांना होतात. पण हे येत नाहीत. तीच येते."

मला कळलं, पण मी कळलं नाही असं दाखवलं. "कोण?"

"तीच. जिन्याजवळ असते. कधी फ्रिजपाशी."

मी गॅस बारीक केला. कसंबसं विचारलं, "काय करते?"

"काही नाही. तेच तर. तिला काही करायलाच दिलेलं नाही." त्यांनी सूपचा वाडगा पुढे ओढला. "घाबरू नकोस. डोकं जागेवर आहे माझं. ती नाही हे मला ठाऊक आहे. पण तिला कसं सांगायचं की तू नाहीस?"

मी त्यांच्या डॉक्टरला सांगावं का, मीराला कळवावं का, असा विचार केला. मीराला कळवलंही. ती बिचारी येऊन राहून गेली. तिला काही वेगळं आढळलं नाही. तिच्यापुढे काकू क्रॉसवर्ड सोडवत होत्या आणि औषधं वेळेवर घेत होत्या.

त्यानंतर माझं कॅलिफोर्नियाचं काम ठरलं. काकू पुढे वर्षभरही राहिल्या नाहीत. मीराचा फोन आला तेव्हा मी सांता क्लाराला मीटिंगमध्ये होते. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शॉमबर्ग सोडायच्या आदल्या दुपारी, निरोप घ्यायला गेले तेव्हा.

पुढचा रस्ता बर्फानं भरला होता म्हणून मी मागच्या बाजूनं, पॅटिओकडून गेले. तिथल्या सरकत्या दाराची काच थोडी उघडी होती. आतून वाचण्याचा आवाज येत होता. काकू त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या, शेजारी दिवा लावलेला. मांडीवर दुसरा खंड, शेवटाजवळ आलेला. समोर रिकामा रिक्लायनर. मला बरं वाटलं. म्हटलं, पारायण पुरं करून टाकताहेत.

काकू एका बैठकीचं वर्णन वाचत होत्या. मोठमोठी माणसं जमलेली, शाळेचा वाढदिवस, नायक आता म्हातारा, सगळे त्याच्या कार्याबद्दल बोलताहेत. तोच तो संथ, लांबलेला मजकूर. त्यांचा आवाज रिपोर्ट वाचावा तसा कोरडा, सरळ. मग त्याच आवाजात, पुस्तकावरची नजर न काढता, त्या वाचू लागल्या,

"तेवढ्यात शर्वरी आत आली. कोणी सरकून जागा केली नाही, कारण बसायला कोणी तिला कधी सांगितलंच नव्हतं. ती सतरंजीच्या मधोमध येऊन बसली. म्हणाली, चालू द्या. मी गेल्यावर काय काय केलंत ते सांगा."

मी काचेला हात लावला होता, तो काढून घेतला. काकू वाचायच्या थांबल्या. मान वर करून त्यांनी रिक्लायनरकडे पाहिलं, उत्तराला वेळ द्यावा तसं बराच वेळ पाहिलं.

मग त्यांनी पान उलटलं.